पुळणीवर, चिखलात गाडी रुतली तर काय करायचं? (अनुभव आणि उपाय इथे लिहा)

खाडीकाठ

नाताळच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या दापोली-गुहागर पट्ट्यात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते, आणि त्यातली एखादी तरी पुळणीवर रुततेच. रुतल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लोक जे करतात त्यानेच गाडी जास्त खाली जाते, म्हणून हा धागा काढतोय. ज्यांनी हाताने गाड्या काढल्या आहेत त्यांनी आपापल्या भागातलं लिहावं. वाळू, काळी माती, भाताचं खाचर, सगळं चालेल.

आधी स्पष्ट सांगतो, किनाऱ्यावर गाडी नेऊच नये. गोव्यात त्यावर बंदी आहे, आपल्याकडेही पोलीस गुन्हे दाखल करतात. पण अंधारात वाट चुकून, सुरूच्या बनातून रस्ता पुढे जातोय असं वाटून गाडी वाळूत गेली, असंही होतं. तेव्हा उपयोगी पडेल ते लिहितो.

चाक जागेवर फिरायला लागलं की त्याच क्षणी पाय काढा. रेस दिल्याने गाडी पुढे जात नाही. चाक खालची वाळू उपसून मागे फेकतं आणि स्वतःच खड्ड्यात उतरतं. असं चार-पाच वेळा केलं की गाडी पोटावर बसते. एकदा पोट वाळूला टेकलं की गाडीचं वजन चाकांवर राहतच नाही, मग कितीही ताकदीचं इंजिन असू दे. पाय लवकर काढलेली गाडी चार माणसं ढकलून काढतात, पोटावर बसलेलीला तासभर खणावं लागतं.

मग सगळ्यांना खाली उतरवा, डिकीतलं सामान काढा आणि एका माणसाला फक्त समुद्राकडे लक्ष ठेवायला सांगा. बाकीच्यांनी गाडी ज्या बाजूला काढायची त्या बाजूची, चारही चाकांजवळची वाळू हाताने, ताटलीने, खोऱ्याने, मिळेल त्याने काढायची. खड्डा सरळ उभा नको, चाकाचा एक पूर्ण फेरा होईल इतका लांब उतार हवा. जिकडून आलात तिकडेच परत काढा, कारण येतानाच्या चाकोरीत वाळू आधीच दाबली गेलेली असते. म्हणजे बहुतेक वेळा रिव्हर्समध्ये. स्टिअरिंग सरळ ठेवा, वळलेलं चाक वाळू नांगरत जातं.

चाकाखाली घालायला कोकणात वस्तूंची कमी नाही. सुकलेल्या झावळ्या, पेंढा, सुंभाच्या चटया, गोणपाट. झावळी घालताना तिचा दांडा चाकाच्या दिशेला आडवा येईल अशी ठेवा, लांबीत ठेवली तर चाक तिला नुसतं मागे ढकलून देतं. गाडीतले रबरी मॅट शेवटचा उपाय. तेही सुटून मागे जोरात उडतात, त्या रेषेत कोणी उभं राहू नये.

सुरूचीसावली

चांगला धागा. माझी पुढच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक हॅचबॅक आहे. तिला यातलं काय लागू होतं? आणि टायरची हवा कमी करा म्हणतात ते खरं का? हवा कमी केली तर गाडी अजून खाली जाणार नाही का?

चिपळूणचा मेकॅनिक

ताई, हवा कमी करणं हा वाळूतला सगळ्यात मोठा उपाय आहे. हिशोब बघा. बाराशे किलोची गाडी धरली तर एका चाकावर साधारण 300 किलो. टायरमध्ये 33 पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 2.3 किलो दाब. म्हणजे तो टायर जमिनीला जवळपास 130 चौरस सेंटीमीटर एवढाच टेकलेला असतो, तळहाताएवढा. हवा निम्मी केली की टेकलेला भाग दुपटीच्या जवळ जातो आणि तेवढंच वजन दुप्पट जागेवर पसरतं. टायर रुंद होतो त्यापेक्षा लांब होतो, आणि लांबीचाच जास्त फायदा असतो.

साध्या गाडीला 18 ते 20 पर्यंत उतरवा. 15 च्या खाली जाऊ नका, ट्यूबलेस टायर रिमवरून सुटायची भीती असते. व्हॉल्व्हची पिन किल्लीच्या टोकाने दाबली तरी हवा जाते, मीटर नसेल तर टायरची बाजू स्पष्ट फुगलेली दिसेपर्यंत सोडा. बाहेर आल्यावर 20-30 च्या वर वेग नको, झटक्यात वळवू नका आणि डांबरी रस्त्यावर लांब जायच्या आधी हवा भरून घ्या. लायटरच्या सॉकेटला लागणारा छोटा पंप डिकीत असला की ही चिंता मिटते.

ऑटोमॅटिकबद्दल: डी मध्ये ठेवून रेस देत बसू नका. मॅन्युअल मोड असेल तर दुसरा गिअर टाका, नसेल तर एल किंवा 2 मध्ये टाकून हळूच पाय द्या. डी-आर, डी-आर असं झटपट करत गाडी झुलवणं ऑटोमॅटिकमध्ये अजिबात नको, गिअरबॉक्सचं तेल तापतं आणि दुरुस्तीचा आकडा ऐकवत नाही. मॅन्युअलवाल्यांनीही हाफ क्लचवर झुंजू नये. वास आला की थांबा, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या.

आणखी एक. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र असलेलं बटण असतं, ते काही सेकंद दाबून धरा. ट्रॅक्शन कंट्रोल चालू असेल तर चाक घसरल्याबरोबर गाडी स्वतःच इंजिनची ताकद तोडते. रस्त्यावर ते जीव वाचवतं, वाळूत मात्र ऐन वेळी गाडी गप्प होते. बाहेर आल्यावर परत चालू करायला विसरू नका.

भटक्या_सातारा

हँडब्रेक अर्धा ओढून रेस द्यायची, गाडी निघते. आमच्या बोलेरोला हाच उपाय.

चिपळूणचा मेकॅनिक

दादा, बोलेरोला चालतो, ताईंच्या गाडीला चालणार नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये (इंजिनची ताकद डाव्या-उजव्या चाकात वाटणारा भाग) ज्या चाकाला कमी अडथळा तेच फिरतं. एक चाक हवेत भिरभिरतं आणि दुसरं घट्ट जमिनीवर असूनही हलत नाही. फिरणाऱ्या चाकाला थोडा ब्रेक लागला की ताकद दुसऱ्याकडे जाते, म्हणून ती युक्ती. पण हँडब्रेक मागच्या चाकांना असतो. बोलेरो, सुमो, जुनी स्कॉर्पिओ यांना ताकद मागच्या चाकांवर आहे म्हणून जमतं. पुढच्या चाकांच्या गाडीत हँडब्रेक ओढला तर मागची चाकं नांगर टाकल्यासारखी अडतील. तिथे डाव्या पायाने फूटब्रेक अगदी हलका दाबून बघता येतं, तेही क्षणभर.

फोर-व्हील असलेल्यांनी लो रेंज टाका, पण चिखल-वाळूत शिरायच्या आधी. थार, जिम्नी, जिप्सीवाले टू-व्हीलमध्ये शिरतात, पोटापर्यंत रुततात आणि मग लिव्हर शोधतात. पोटावर बसलेल्या गाडीला फोर-व्हीलही काही करत नाही.

खाडीकाठ

आता भरतीबद्दल, कारण किनाऱ्यावर खरी घाई त्याचीच असते.

भरतीची वेळ काढायचा आमच्याकडचा जुना हिशोब: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, जे येईल तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतात, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. दिवसा एकदा, रात्री एकदा. त्यानंतर सहा तासांहून थोड्या जास्त वेळाने पूर्ण ओहोटी. रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कालनिर्णय भिंतीवर असेल तर मोबाईलला रेंज नसतानाही अंदाज येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात वर येतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, ती कमी चढते. सिंधुदुर्गापेक्षा अलिबाग-मुंबईकडे पाण्याचा चढउतार बराच जास्त असतो, हेही लक्षात ठेवा.

लोक फसतात ते पाणी एकसारखं चढतं असं समजून. पूर्ण ओहोटीनंतर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्साच चढतो. दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. समजा चढउतार 3 मीटरचा आहे आणि किनारा इतका सपाट की 50 मीटर चालल्यावर एक मीटर उतार लागतो. तर त्या दोन तासांत पाण्याची रेघ 75 मीटर आत सरकते. पहिला तास बघून "अजून लांब आहे" म्हणणाऱ्याच्या गाडीत तिसऱ्या तासाला लाट शिरते.

ओली वाळू टणक दिसते, त्यावर माणूस चालला तर पाऊलही उमटत नाही. पण भरती लागली की कणांमधलं पाणी वाढतं, आणि चाक थरथरलं की तीच वाळू पातळ होते. इंजिन चालू ठेवून नुसतं उभं राहिलं तरी गाडी हळूहळू बसते. उलट भरतीच्या रेघेच्या वरची कोरडी वाळू सुटी असते, तिथे कण धरून ठेवायला ओलच नसते. आणि खाडीच्या मुखाजवळ तर जाऊच नका. वर चार बोटं वाळू, खाली गाळ. केळशी, आंजर्ले, रेवदंडा, बाणकोट, जिथे जिथे नदी समुद्राला मिळते तिथे हे असतं.

पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं आणि गाडी हलत नसेल तर माणसं घेऊन वर या. मुलं, म्हातारी माणसं आधी. 112 ला फोन करा. गाडीसाठी लाटेत उभं राहून ढकलणं थांबवायला कोणीतरी ठामपणे सांगावं लागतं, घोळक्यात ते कोणी सांगत नाही.

पांदण

यवतमाळ जिल्ह्यातून लिहितोय. आमच्याकडे समुद्र नाही, पण काळी माती आहे. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर (शेतात जायच्या कच्च्या वाटेवर) गाडी घातली की काय होतं ते विदर्भ-मराठवाड्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. वाळूचे नियम इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. टायरच्या नक्षीत ती भरली की टायर गुळगुळीत होतो, मग त्याची हवा कमी करून फारसं साधत नाही. फिरणाऱ्या चाकाबरोबर माती वर येते आणि मडगार्डमध्ये ठासून बसते, इतकी की चाक फिरायचंच थांबतं. गावातली पोरं पावसाळ्यात मोटरसायकलचं पुढचं मडगार्ड काढून ठेवतात ते यासाठीच. तर पहिलं काम, काडी नाहीतर खुरपं घेऊन नक्षीतली आणि मडगार्डमधली माती काढा. चारही चाकांची. ते न करता कितीही ढकललं तरी गाडी घसरत बाजूच्या नालीत जाते.

दुसरं, चाकाखाली पऱ्हाट्या किंवा तुराट्या (कपाशीच्या, तुरीच्या वाळलेल्या काड्या) आडव्या घाला. कपाशी निघाल्यावर बांधावर गंजी लावलेली असते, मालकाला विचारा, कोणी नाही म्हणत नाही. पेंढा-कडबा काळीत लगेच दबून जातो, पऱ्हाटी तुटत नाही आणि टायरला धरून ठेवते. जवळ मुरूम असेल तर दोन घमेली मुरूम सगळ्यात उत्तम.

लोखंडी रिम असेल आणि तिला मोठी छिद्रं असतील तर त्यातून जाड दोर ओवून टायरभोवती तीन-चार ठिकाणी गाठ मारा. दोर माती कापत जातो. पण आतल्या ब्रेकच्या पाइपला दोर लागत नाही ना, हे चाक हाताने एक फेरा फिरवून बघितल्याशिवाय गाडी चालू करू नका, आणि निघाल्याबरोबर सोडून टाका.

आमच्याकडे मॅन्युअल गाडी पहिला-रिव्हर्स करत झुलवतात. चिखलात ते जमतं, कारण दोन्ही बाजूंनी चिखल दाबला जाऊन थोडी पळायला जागा होते. लय सापडली पाहिजे, गाडी मागे येऊन थांबते त्याच क्षणाला पुढचा गिअर. रेस मात्र कमीच.

आणि घाई नसेल तर वापशाची वाट बघा. दोन दिवस ऊन पडलं की वरची साय धरते. एस्टी चुकली तर चुकली, क्लच प्लेट जळण्यापेक्षा बरं.

वाळवंटातला_मराठी

दुबईत राहतो, सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर वाळवंटात गाड्या घेऊन जातो. इथे आत शिरण्याआधीच सगळे थांबून हवा 12 ते 15 पर्यंत उतरवतात, पण ते मोठ्या टायरच्या जड गाड्यांना. मेकॅनिकदादांनी हॅचबॅकला दिलेली मर्यादा बरोबर आहे, आमचे आकडे तिथे वापरू नका. एकट्या गाडीने जायचं नाही, हा नियम इथे कोणी मोडत नाही. दुसरी गाडी नेहमी पक्क्या जमिनीवर थांबते आणि रुतलेलीच्या जवळ जात नाही, नाहीतर दोन्ही अडकतात.

खाडीकाठ यांनी गाळावरच्या वाळूचं लिहिलं, तसंच इथे सबखा म्हणतात तो प्रकार आहे. वर मिठाची कडक पापडी, खाली चिखल. पापडी फुटली की मोठी फोर-व्हीलही दारापर्यंत जाते.

दोराबद्दल कळकळीने लिहितो. ओढताना तुटलेला दोर माणूस मारू शकतो. नायलॉन ताणून तुटला की टोकाला बांधलेल्या लोखंडासकट सुटतो. दोराच्या मध्यावर जड गोणपाट किंवा ओली चादर टाका, म्हणजे तुटला तरी खाली पडेल. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा, आणि दोर ओलांडून कोणालाही जाऊ देऊ नका. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) दोर अडकवू नका, तो या झटक्यासाठी बनवलेला नसतो.

सुरूचीसावली

मग दोर बांधायचा कुठे? माझ्या गाडीला पुढे हूकच दिसत नाही.

चिपळूणचा मेकॅनिक

डिकीत स्टेपनीजवळ, जॅकच्या पिशवीत एक जाड लोखंडी डोळा असतो. बंपरवर एका बाजूला लहानसं चौकोनी किंवा गोल झाकण दिसेल, ते काढलं की आत आटे आहेत, त्यात तो डोळा पूर्ण बसेपर्यंत फिरवायचा. शेवटचे आटे व्हीलपान्याच्या दांड्याने आवळा, अर्धवट बसलेला डोळा उपटून येतो. काही गाड्यांत आटे उलटे असतात, उजवीकडे बसत नसेल तर डावीकडे फिरवून बघा, जोर करू नका. आज घरीच एकदा लावून बघा ताई, रात्री वाळूत गुडघ्यावर बसून झाकण शोधणं कठीण जातं. सस्पेन्शनच्या दांड्याला, टाय रॉडला दोर बांधू नका. गाडी निघते, पण चाकं वाकडी होतात.

ट्रॅक्टरवाल्यांसाठीही लिहितो. दोर नेहमी मागच्या खालच्या ओढायच्या दांड्याला, म्हणजे ड्रॉबारला. वरच्या टॉप लिंकच्या जागेला दोर बांधून ओढलं आणि रुतलेली गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टरचीच पुढची चाकं उचलतात आणि तो चालकावर उलटा येतो. शेतावर अशी माणसं गेली आहेत. पहिल्या लो गिअरमध्ये, आधी दोर ताणून घ्यायचा आणि मग ओढायचं. झटका द्यायचा नाही. रुतलेल्या गाडीतला माणूस त्याच वेळी हलका पाय देईल, इशारा करायला एकच माणूस असेल.

जॅकचा उपयोग होतो, पण वाळूत जॅक स्वतःच खाली जातो. खाली दीड फुटाची जाड फळी ठेवा, चाक उचला, खड्डा भरा, वर चटई घाला. उचललेल्या गाडीखाली हात-डोकं घालू नका. आणि खणताना सायलेन्सरचं तोंड वाळूत गेलंय का ते बघा. बंद तोंडाने इंजिन चालू ठेवून आत एसीत मुलं बसवलेली मी पाहिली आहेत. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो, त्याला वासही येत नाही.

वेळासवाली

मंडणगड तालुक्यातल्या वेळासजवळची आहे. आमच्याकडे 2002 मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री वर येऊन भरतीच्या रेघेच्या वर, सुक्या वाळूत अंडी घालते. तुमची गाडी पाण्यापासून दूर म्हणून जिथे उभी राहते, तीच ती जागा. पहाटे राखणदार मादीच्या सरपटण्याच्या खुणेवरून घरटं शोधतात. त्यावरून टायर गेले की खूण पुसते, आणि वरची वाळू दाबली जाते ती वेगळीच. पिल्लं बाहेर यायला 45 ते 60 दिवस लागतात. निघालेलं पिल्लू तळहातात मावतं, टायरची खोल चाकोरी त्याला चढता येत नाही. ते चाकोरीतूनच चालत राहतं आणि उजाडलं की कावळे-घारी येतात.

म्हणून एक विनंती. गाडी निघाल्यावर खणलेले खड्डे आणि चाकोऱ्या बुजवूनच जा. चार माणसांनी पायाने सारखं केलं तरी पुरतं. आणि झावळ्या, गोणपाट, तुटलेला नायलॉन तिथे टाकू नका.

खाडीकाठ

ताई, हे माझ्या पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं. संपादन करून वर घालतो.

भटक्या_सातारा

हँडब्रेकचं कारण आज नीट कळलं, धन्यवाद दादा. एक विचारायचं राहिलं. भाऊजींच्या गाडीत परवा लाट शिरली, सीटच्या खालपर्यंत पाणी होतं. गाडी बाहेर काढली आहे, अजून चालू केलेली नाही. आता काय करू?

चिपळूणचा मेकॅनिक

चालू करू नका, किल्लीही फिरवू नका. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. इंजिनमध्ये पाणी गेलं असेल आणि स्टार्टर मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी गेलेलं माहीत असून चालू केल्यामुळे झालेलं नुकसान साध्या विम्यात बहुतेक मिळत नाही, इंजिन प्रोटेक्शनची जोड असेल तर पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचा. फोटो काढून ठेवा, विमा कंपनीला आजच कळवा आणि गाडी फ्लॅटबेडवर (सपाट ट्रकवर) घालून न्या, ओढत नेऊ नका.

एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. फिल्टर कोरडा असेल तर बरीच आशा आहे. गॅरेजमध्ये स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवतील, मग इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल बघतील. दुधासारखं दिसलं तर बदलायचं. कार्पेट पूर्ण उचलून गोड्या पाण्याने धुवा, त्याच्याखालून वायरिंग जातं आणि खाऱ्या पाण्याने कनेक्टर महिन्याभरात हिरवे पडतात.

पाणी आत न गेलेल्या, नुसत्या किनाऱ्यावर फिरलेल्या गाडीचंही पोट त्याच दिवशी भरपूर गोड्या पाण्याने धुवा. ब्रेक ड्रम, सायलेन्सरचे जोड, दरवाज्यांच्या खालची भोकं, सगळीकडे पाइप लावा. वाळू ब्रेकमध्ये राहिली तर डिस्क खरवडते. धुतल्यावर गाडी दोन-तीन किलोमीटर चालवून, हलके ब्रेक मारत सुकवा आणि मगच उभी करा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, रात्रीत लायनर चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. भाऊजींना म्हणावं फोन करायचा असेल तर आधी मला व्यक्तिगत निरोप पाठवा, फोटो बघून सांगतो.